मराठी बायबलचं वचन वाचताना, छापताना या चुका टाळा

लग्नपत्रिकेवर ‘योहान 4:18’ छापलं की घात झालाच म्हणून समजा. हवं असतं ‘प्रीतीच्या ठायी भीती नसते’, पण ते वचन योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, म्हणजे ‘1 योहान 4:18’ (4 हा अध्याय, 18 ही ओवी म्हणजे वचन). नुसत्या ‘योहान 4:18’ मध्ये येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला सांगतो की तुला पाच नवरे होते आणि आता जो आहे तो तुझा नवराच नाही. पत्रिका वाटून झाल्यावर एखादे काका बायबल उघडून बघतातच. योहानाच्या नावावर एक शुभवर्तमान आणि तीन पत्रं आहेत, त्यामुळे पुढचा 1, 2 किंवा 3 गळला तर पुस्तकच बदलतं. करिंथकर, थेस्सलनीकाकर, तीमथ्य, पेत्र, शमुवेल, राजे आणि इतिहास यांचंही तेच.

ही चूक निदान एका आकड्याची. मराठवाड्यात बहुतेक घोळ होतात ते एकाच घरात दोन-तीन आवृत्त्या नांदत असल्यामुळे. आजीकडे काळ्या पुठ्ठ्याचं जुनं पवित्र शास्त्र, नातवाच्या मोबाइलवर सोप्या भाषेतलं बायबल, मावशी कॅथलिक घरात दिलेली आणि पाहुणा देगलूरकडचा, तेलुगू वाचणारा. यात नवल नाही. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटिश मिशनचे होते, कॅथलिकांचं औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये झालं आणि प्रत्येक वाटेनं आपापली पुस्तकं घरात आली.

आवृत्ती न ठरवता आळीपाळीनं वाचन

अर्धी मंडळी ‘परमेश्वर’ म्हणते, जुनं पुस्तक धरलेली बाकीची ‘यहोवा’, आणि तिसऱ्या ओळीला सूर तुटतो. पुस्तकं खोटी नाहीत. हिब्रूत देवाचं नाव चार व्यंजनांनी लिहिलेलं आहे. कुणी ते ‘यहोवा’ असं ठेवतं, कुणी त्याजागी ‘परमेश्वर’ घालतं. वाचन एकत्र करायचं असेल तर वचनाआधी आवृत्तीचं नाव जाहीर करा आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्यासाठी तेवढाच उतारा छापून द्या. दहा-बारा ओळींना अर्धं पान पुरतं.

मराठी बायबल म्हणजे एकच पुस्तक, हा समज सोडा. विल्यम केरीनं श्रीरामपुरात (बंगालातलं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) 1811 मध्ये नवा करार छापला, अमेरिकन मिशननं मुंबईत 1826 मध्ये. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीनं संपूर्ण भाषांतर केलं, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये बाहेर आलं. आज बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पवित्र शास्त्र चालतं. तिचंच सुबोध भाषांतर वेगळं आहे, आणि मोबाइलवर इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, म्हणजे आयआरव्ही, मिळतं. ‘मराठी बायबल इंग्रजीवरून केलंय’ असं सरसकट ठोकून देऊ नका. रमाबाईंचं तर मुळीच नाही.

स्तोत्राचा क्रमांक एकानं चुकणं

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक ही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आपल्या छापील बायबलमध्ये 23 वं, पण लॅटिन परंपरेतल्या जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकांत ते 22 वं सापडतं. कारण प्राचीन ग्रीक भाषांतरानं 9 आणि 10 ही दोन स्तोत्रं एक केली, तिथून मोजणी मागं पडली. हिशोब असा: 1 ते 8 सारखीच. 11 ते 113 या आपल्या क्रमांकातून एक वजा करा. 114 आणि 115 मिळून तिकडचं 113. उलट आपलं 116 तिकडं फुटून 114 आणि 115 होतं. 117 ते 146 पुन्हा एक वजा. 147 फुटून 146 आणि 147, आणि शेवटची तीन परत जुळतात.

एवढं जुळलं तरी ओवीचा आकडा चुकतोच. स्तोत्राच्या डोक्यावरची ‘प्रमुख गवयासाठी’ वगैरे ओळ हिब्रूत मोजली जाते, आपल्याकडे नाही. 51 व्या स्तोत्रात हे मथळे दोन ओव्या खातात, म्हणून ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ आपल्याकडे 51:10 आणि हिब्रू मोजणीत 51:12. मलाखी या पुस्तकाचं तसंच: आपल्याकडे चार अध्याय, हिब्रूत तीन. योएलचं उलटं, आपले तीन, तिकडचे चार. आकडा जुळेना तर पहिले चार शब्द बघून ओवी शोधा, आकड्याच्या मागं लागू नका.

‘ओवी गाळली’ म्हणून भांडण

प्रेषितांची कृत्ये 8:37 काही आवृत्त्यांत चौकटी कंसात असते, काहींत तळटीपेत, काहींत 36 नंतर सरळ 38. मत्तय 17:21, मार्क 9:44 आणि 9:46, योहान 5:4 यांचीही हीच गत. नव्या करारातल्या ओव्यांचे आकडे फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएननं 1551 मध्ये घातले, तेव्हा त्याच्यासमोर जो ग्रीक मजकूर होता त्यात ही वाक्यं होती. पुढं चौथ्या शतकातली व्हॅटिकन आणि सिनाई इथली हस्तलिखितं अभ्यासली गेली. त्यांत ती नाहीत. मजकूर निघाला, पण आकडा तसाच मोकळा राहिला. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवटचा ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हा भागही मत्तय 6:13 च्या जुन्या प्रतींत नाही. म्हणून तो कंसात दिसला तर छापखान्याला दोष देऊ नका.

सात पुस्तकं जास्त दिसली तर ते कॅथलिक बायबल आहे: 66 ऐवजी 73. तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन वगैरे. भेट देताना हे आधी विचारा.

हिंदी-तेलुगू नावांची सरमिसळ

हिंदी वक्ता ‘यूहन्ना’ म्हणतो म्हणजे योहान. घाईत योना उघडू नका. ‘भजन संहिता’ म्हणजे आपली स्तोत्रसंहिता, ‘न्यायियों’ म्हणजे शास्ते, ‘व्यवस्थाविवरण’ म्हणजे अनुवाद. या ‘अनुवाद’ नावानं मोबाइलवर शोधलं की भाषांतराच्या जाहिराती येतात, ती गंमत वेगळीच. सोबत ‘बायबल’ लिहा. बिलोली-देगलूरकडच्या पाहुण्यानं ‘कीर्तनलु 121’ म्हटलं तर टाळ शोधू नका, तेलुगूत स्तोत्रांना तेच नाव आहे.

शब्दांतही जरा सांभाळा. नाण्यांना काही मराठी भाषांतरांत सरळ रुपये म्हटलंय, त्यावरून आजचा हिशोब मांडू नका. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे 6000 दिनार. मात्र येशूला बघायला जक्कय नावाचा माणूस ज्या झाडावर चढला त्याला मराठीत ‘उंबर’ म्हटलंय ते झकास आहे: मूळचं झाड उंबराच्याच कुळातलं.

मोबाइलवरून उचलून फ्लेक्सवर

इथं सगळ्यात महाग चुका होतात. युनिकोडमधला मजकूर जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये ओतला की जोडाक्षरं फुटतात. प्रूफ आलं की ख्रिस्त, प्रीती, सामर्थ्य, स्वर्गीय आणि जखऱ्या हे शब्द आधी बघा. रफार आणि ‘ऱ्या’ हीच जागा मोडते. दुसरं, 3:16 मधल्या दोन टिंबांच्या जागी विसर्ग बसतो आणि ‘3ः16’ होतं. दिसायला जवळपास सारखं, पण मोठ्या अक्षरात उघडं पडतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता फॉन्टसकट पीडीएफ द्या.

मोबाइलवर जखऱ्याचं पुस्तक सापडत नसेल तर नुसतं ‘जख’ टाइप करा, कारण तो ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो आणि शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘3:16’ सापडेना तर ‘३:१६’ करून बघा. जुन्या पुस्तकातून उतरवताना ‘प्रीति’, ‘देवानें’ असं जुनं लेखन येतं. ते सगळं तसंच ठेवा किंवा सगळं नवं करा, अर्धं-अर्धं नको. आणि छापील पुस्तिका विकणार असाल तर आवृत्तीचे हक्क बघा: रमाबाईंचं भाषांतर आता हक्कमुक्त आहे, आयआरव्ही नाव देऊन वापरता येतं, बाकीच्यांसाठी प्रकाशकाची परवानगी घ्या.

कबरीच्या दगडासाठी एक जास्तीची पायरी लागते. ग्रॅनाइट एकदा कोरलं की ‘23’ चं ‘22’ करता येत नाही. कारागिराला कागदावर पूर्ण मापाचा नमुना काढायला सांगा, घरातल्या वाचणाऱ्या दोघांना तो बायबल उघडून ताडू द्या, पुस्तकाचं नाव, आकडा आणि ओवी तिन्ही, आणि मगच छिन्नी लावू द्या.