ब्लॉकची माहिती नीट कशी गोळा करायची, इंदूरजवळच्या महूचं उदाहरण घेऊन

दर उन्हाळ्यात इंदूरातल्या रामबाग, लोकमान्यनगरकडची कुणी ना कुणी मुलं विचारायला येतात, काका, एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या एम.ए.चं) फील्डवर्क आहे, एक ब्लॉक दिलाय, त्याची भौगोलिक, सामाजिक आणि आर्थिक स्थिती लिहून आणायचीय, सुरुवात कुठून करू? आणि मग बहुतेकजण नेटवरून क्षेत्रफळ, लोकसंख्या, साक्षरता, मुख्य पिकं उतरवून घेतात, चार फोटो लावतात आणि झालं. तसला रिपोर्ट वाचून तो सांवेरचा आहे की देपालपूरचा की महूचा काही कळत नाही, वरचं नाव बदललं तरी खपून जाईल. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपण इतकी वर्षं इंदूरात राहतो आणि तास-दीड तासावरचं खेडं आपल्याला माहीत नसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. माझं सांगणं एवढंच की ब्लॉक समजायचा असेल तर आधी तिथलं पाणी कुठे जातं, माल कुठे जातो आणि माणूस कामाला कुठे जातो ते शोधा, आकडे त्याच्या मागोमाग घ्या.

सगळ्यात आधी हद्द पक्की करा, इथेच निम्मे रिपोर्ट बिघडतात. इंदूर जिल्ह्यात ब्लॉक चार, इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर. ब्लॉक म्हणजे विकासाच्या कामाचा भाग, २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासूनची ही व्यवस्था. तहसील म्हणजे महसुलाचा भाग, आणि तहसिली आता ब्लॉकपेक्षा जास्त झाल्यात, त्यामुळे दोघांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. विधानसभेची सीट तर तिसरीच गोष्ट. पुण्या-नाशिकहून आलेल्यांसाठी सांगतो, तिकडे पंचायत समिती असते तिथे इकडे जनपद पंचायत, आणि तिकडच्या बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) खुर्चीत इकडे जनपदचे सीईओ बसतात. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात १९९४ पासून ग्रामपंचायत, जनपद आणि जिल्हा पंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना चालू आहे. महूच्या बाबतीत अजून एक गोष्ट सांभाळा. गावाचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, काही कागदांत हे नाव सापडेल काहींत महू, दोन्ही नावांनी शोधा. आणि छावणीचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, महूगांव आणि मानपूर नगर परिषदांकडे, म्हणजे ही लोकसंख्या जनपदच्या ग्रामीण आकड्यात मिसळायची नाही. मिसळली की साक्षरता एकदम वर जाते आणि डोंगरातल्या गावांची अवस्था दिसेनाशी होते.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाची ५०,००० ला एक या प्रमाणातली शीट घ्या, नाहीच मिळाली तर गुगल अर्थ किंवा इस्रोची भुवन ही नकाशाची साइट उघडा, पण एक मोठा कागद घेऊन हाताने काढा, प्रिंटआउट चिकटवू नका. पहिल्यांदा नद्या काढायच्या. महू ब्लॉकमधे हे केलं की लगेच गंमत कळते. जानापावचा डोंगर, साडेआठशे मीटरच्या आसपास उंची, तिथून चंबळ निघते आणि उत्तरेला जाऊन पार उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. गंभीर नदी पण त्याच भागातून निघते, तिचं पाणी हातोदकडे यशवंत सागर तलावात अडवलंय जे इंदूर पितं, आणि पुढे ती क्षिप्रेला मिळते. पण पाताळपाणीच्या धबधब्याला जी चोरल नदी दरीत उडी घेते ती दक्षिणेला वळून नर्मदेला जाते. म्हंजे एकाच ब्लॉकात पडलेला पाऊस, थोडा बंगालच्या उपसागरात आणि थोडा अरबी समुद्रात. ही पाणलोटाची रेघ लाल पेनाने काढा, कारण पुढे तुम्ही जे जे लिहिणार आहात ना, माती, पिकं, विहिरी, रस्ते, लोक, ते सगळं या रेघेच्या दोन बाजूंना वेगवेगळं निघतं. रेघेच्या वर मालव्याचं पठार, काळी माती, सपाट शेतं. रेघेच्या खाली विंध्याचा उतार, उथळ मुरमाड जमीन, साग-पळसाचं जंगल आणि निमाडकडे उतरणारे घाट. आणि नर्मदेचं पाणी १९७८ पासून नर्मदेकाठच्या जलूदहून पंपाने चढवून इंदूरात आणलं जातं, त्यामुळे खालून वर येणारी ही पाइपलाइन पण नकाशात दाखवा, ती भूगोलाचाच भाग झालीय आता.

माती बघायची तर कुणाच्या तरी नव्या खणलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहा. वर काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग काळा बेसाल्ट, थर स्वच्छ दिसतात. मालकाला विचारा पाणी कितीवर लागलं आणि वडिलांच्या वेळी कितीवर होतं. मालव्यात एक म्हण आहे, "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर", कुणीही म्हाताऱ्याला म्हणून दाखवा, पुढचं तो स्वतःच सांगायला लागतो की ते नीर आता कुठे आहे. त्याला जोड म्हणून केंद्रीय भूजल मंडळाचा ब्लॉकवार अहवाल बघा. जमिनीत दरवर्षी उपलब्ध होणाऱ्या पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ९० पर्यंत अर्ध-चिंताजनक, १०० पर्यंत चिंताजनक, त्यावर अतिदोहित. तुमचा ब्लॉक कुठल्या खान्यात आहे ते नक्की लिहा.

पिकांचं कोष्टक सगळेच देतात पण कारण कुणी देत नाही. काळी माती पावसात इतकी चिकट होते की जुन्या काळी पुष्कळ शेतं खरिपात पडीकच असायची, ओल धरून ठेवायची आणि रब्बीत गहू, हरभरा. १९७० नंतर सोयाबीन आलं आणि त्या रिकाम्या खरिपात जाऊन बसलं, जूनच्या शेवटी पेरा, साधारण शंभर दिवसांत हातात. पाठोपाठ ट्यूबवेल आल्या कारण दुसऱ्या पिकाला पाणी हवं. सोयाबीनवरची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरात आहे ती उगीच नाही, १९८७ ची आहे, शक्य झालं तर तिथे पण जाऊन या. रब्बीत लोकवन गहू, डॉलर चना (मोठा काबुली हरभरा), लसूण, कांदा, आणि महूकडे आलू. हो, बटाटा म्हणू नका तिथे, आलूच म्हणा.

आलूवर जरा थांबा, कारण महू ब्लॉकची अर्थव्यवस्था एका पिकात बघायची तर ती इथे दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावणी, फेब्रुवारीच्या सुमाराला काढणी. मग तीन वाटा फुटतात. काही माल सरळ इंदूरच्या चोइथराम मंडीत, काही कोल्ड स्टोरेजमधे भाव वाढायची वाट बघत, आणि काही चिप्सला. महूजवळ कोदरियाकडे उन्हाळ्याच्या तोंडाला जा, आलू धुताहेत, सोलताहेत, मशीनवर काप पडताहेत, ते उकळत्या पाण्यातून काढून उघड्यावर पसरलेत आणि बायका वाकून वाकून एकेक चकती वेगळी करताहेत, कारण एकमेकांवर राहिल्या तर चिकटतात आणि काळ्या पडतात. हेच पांढरे वाळवलेले चिप्स पुढे गावोगाव उपासाला तळले जातात. तिथे उभं राहून विचारा, दिवसाची मजुरी काय मिळते, हंगाम किती आठवडे, उरलेल्या महिन्यांत काय करता, आणि धुतल्याचं ते फेसाळ पाणी कुठे सोडता. या चार उत्तरांत मजुरी, बायकांचं काम, हंगामी रोजगार आणि प्रदूषण सगळं आलं. इंदूर जिल्ह्याचं "एक जिल्हा एक उत्पादन" म्हणून आलूच निवडलाय, तेव्हा सरकारी योजना पण याच्याभोवती शोधा.

भाव विचारताना मंडीचा भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव वेगळा धरा. मधे भाडं, हम्माली, बारदान, आडत असं बरंच काही कापलं जातं, तेव्हा "बासाब (वडीलधाऱ्याला मालव्यात असं म्हणतात), शेवटी हातात किती आले", असंच विचारायचं. मंडीचा रोजचा भाव सरकारी वेबसाइट अ‍ॅगमार्कनेटवर मिळतो, तो शेजारी ठेवून बघा. आणि जमीन लोक बिघ्यात सांगतात, खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) हेक्टरमधे असते, इकडे साधारण चार बिघे म्हणजे एक हेक्टर, पण पटवारीला (इकडचा तलाठी) एकदा विचारून घ्या.

आता माणसं. जनगणनेसाठी २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या, गाववार तक्ते त्यात आहेत. दोन गोष्टी डोक्यात ठेवा. साक्षरता काढताना सात वर्षांखालची मुलं वगळायची असतात, एकूण लोकसंख्येने भागलं तर टक्का खोटा निघतो. आणि काम करणाऱ्यांत मुख्य आणि सीमांत असे दोन भाग आहेत, वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालं तो मुख्य, कमी मिळालं तो सीमांत. ज्या गावात सीमांत मजूर जास्त दिसतात तिथे परत जा आणि विचारा की बाकीचे महिने घर कसं चालतं, सहसा ते पाणलोट रेघेच्या खालच्या बाजूचं गाव निघतं. पण हे आकडे जुने झालेत, पुढची जनगणना २०२७ ची आहे, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहाच.

समाजाबद्दल लिहिताना घाई करू नका. पठारावर पाटीदार, खाती, राजपूत, बलाई अशी वस्ती, उताराकडे भिल्ल आणि भिलाला. दारात उभं राहून जात विचारायची नाही, चांगलं दिसत नाही आणि माणूस लगेच आखडतो. गावात किती मोहल्ले आहेत आणि कुठल्या मोहल्ल्यात नळ आहे हे विचारा, उत्तर आपोआप येतं. पाताळपाणीला टंट्यामामाचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं स्थान आहे, ४ डिसेंबर १८८९ ला त्यांना जबलपूरला फाशी दिली, त्या दिवशी अजूनही तिथे आदिवासी समाज जमतो, जमलं तर त्या दिवशी जा. कार्तिक पौर्णिमेची जानापावची जत्रा पण बघण्यासारखी. आणि इतिहास लिहायचाच तर आपल्या माणसांशी जोडलेला आहे तो लिहा की, होळकर आणि इंग्रजांच्या महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यातूनच महूची छावणी आली, त्या छावणीमुळे बाजार आला, दूध-भाजीचं गिऱ्हाईक आलं, आणि १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म इथे झाला तो त्यांचे वडील सैन्यात होते म्हणूनच.

कामाला कुठे जातात हे बघायचं तर सकाळी लवकर महू-पीथमपूर रस्त्यावर उभं राहा. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे, पण महूच्या गावांतून तिकडे कंपन्यांच्या बसा भरून जातात. रिपोर्टात ब्लॉकच्या हद्दीबाहेर बघायचं नसतं असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, कितीतरी घरांचा पगार हद्दीबाहेरून येतो. उलट्या टोकाला कालाकुंडसारखं स्टेशन, जिथे पळसाच्या पानात कलाकंद विकणं हाच धंदा असायचा, तोही त्या जुन्या मीटरगेज लाइनीच्या जिवावर. ही लाइन होळकरांच्या पैशाने झालेली, दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं.

गावात कुणाला भेटायचं? सरपंचाला भेटा, मान म्हणून आधी भेटाच, पण कागद सचिव आणि रोजगार सहायकाकडे असतात. जमिनीचं पटवारी, गावाचं खरंखुरं कोटवार (गावचा चौकीदार). बायकांकडची माहिती आशाताई आणि आंगणवाडीवाल्या ताई जितकी देतील तितकी कुठल्याच फाइलीत नाही. जनपदच्या गावी शाळेसाठी बीआरसी (ब्लॉकचं शाळा-साधन केंद्र), दवाखान्यासाठी बीएमओ (ब्लॉकचे वैद्यकीय अधिकारी), आंगणवाडीसाठी सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी). कॉलेजचं पत्र दोन प्रतींत न्या, एकीवर पावती घ्या. पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दिसतो, तो घरूनच वाचून जा आणि मग विचारा की ही नाली कुठे आहे जरा दाखवता का. ग्रामसभा २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात, जाऊन मागे बसा. फक्त १४ एप्रिलला महू शहरातून जायचा प्लॅन करू नका, देशभरातून लोक आलेले असतात, आदल्या दिवशीच गावात पोचा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पण नको, कुणाला बोलायला वेळ नसतो.

हाट, म्हणजे आठवडी बाजार, सोडू नका. एका कोपऱ्यात बसून फक्त एवढं टिपा की कोण काय विकायला आणतंय आणि जाताना काय विकत घेऊन जातंय. उताराकडची बाई सीताफळं किंवा मोह घेऊन येते आणि तेल-मीठ-साबण घेऊन परत जाते, यातच रोख पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते दिसतं.

लिहिताना लोकांची नावं, फोन नंबर, खसरा नंबर काही टाकू नका, गावाचं नाव पुरे. एखाद्याने कर्जाबद्दल किंवा भांडणाबद्दल सांगितलं असेल तर गावाचं नाव पण गाळा. आणि पक्कं करायच्या आधी कच्चा मसुदा पंचायतीत नेऊन सचिवाला आणि दोन-चार जाणत्यांना हिंदीत वाचून दाखवा, विहिरीची खोली, मोहल्ल्याचं नाव, हाटाचा वार, असं बारीकसारीक ते लगेच दुरुस्त करतात. एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना तीच दाखवायला सांगा.