फ्लटर प्रोजेक्टमधल्या आपोआप बनणाऱ्या फायली: काय ठेवायचं, काय पुसायचं, बिल्ड कशी सांभाळायची

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना फवारणीची नोंद ठेवता यावी म्हणून नाशिकची एक छोटी टीम फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप बनवणारं साधन) ॲप करतेय, असं धरून चालू. तीन माणसं, दोन विंडोज लॅपटॉप आणि आयफोनच्या बिल्डसाठी (कोडपासून तयार ॲप बनवायला) ऑफिसात एकच मॅक मिनी. अशा प्रोजेक्टमध्ये हाताने लिहिलेल्या फायली थोड्याच असतात. बाकी सगळा पसारा फ्लटर, ग्रेडल (अँड्रॉइडची बिल्ड करणारं साधन), एक्सकोड (आयफोनची बिल्ड करणारं साधन) आणि कोकोपॉड्स (आयफोनसाठीची पॅकेजं आणणारं साधन) यांनी मांडलेला असतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे भांडण बहुतेक वेळा या पसाऱ्यावरूनच होतं.

फाइल कुठल्या ढिगात टाकायची हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: ही फाइल आत्ता डिलीट केली, तर कोणती कमांड ती परत आणून देईल? कमांडचं नाव सांगता आलं, तर फाइल गिटमध्ये (टीमचा कोड आणि त्याचा इतिहास सांभाळणारं साधन) नको. सांगता आलं नाही, तर गिटमध्ये हवीच. आणि परत आणताही येत नाही, पण कुणाला दाखवायचीही नाही, अशी फाइल म्हणजे कीस्टोअर (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली, म्हणजे ‘की’, जिच्यात असते ती). तिची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

या हिशोबाने ‘बिल्ड’ फोल्डर, ‘डॉट डार्ट-टूल’, आयओएसमधलं ‘पॉड्स’ आणि ‘जनरेटेड डॉट एक्ससीकॉन्फिग’, अँड्रॉइडमधलं ‘डॉट ग्रेडल’ आणि ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ बाहेर राहतात. शेवटच्या फाइलमध्ये त्या-त्या लॅपटॉपवरचा एसडीकेचा (ॲप बनवायच्या साधनसंचाचा) पत्ता असतो. ती चुकून कमिट झाली (गिटमध्ये नोंदली गेली) की दुसऱ्याच्या मशीनवर एसडीके सापडत नाही म्हणून बिल्ड थांबते.

लॉक फायलींबाबत (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरली याची नोंद) मात्र बरेच जण उलटं करतात. ‘पबस्पेक डॉट लॉक’ आणि ‘पॉडफाइल डॉट लॉक’ आपोआप बनतात हे खरं, पण आज बनवलेली आणि तीन महिन्यांनी बनवलेली लॉक फाइल सारखी नसते. मधल्या काळात पॅकेजच्या नव्या आवृत्त्या आलेल्या असतात. म्हणून ॲपच्या प्रोजेक्टमध्ये या दोन्ही फायली कमिट करा. बिल्ड सर्व्हरवर ‘फ्लटर पब गेट’ला (पॅकेज उतरवणारी कमांड) ‘--एन्फोर्स-लॉकफाइल’ जोडा, म्हणजे लॉकमध्ये आणि पबस्पेकमध्ये (लागणाऱ्या पॅकेजची हाताने लिहिलेली यादी) फरक पडला की बिल्ड तिथेच थांबेल, गुपचूप नवी आवृत्ती उचलणार नाही. फ्लटरची आवृत्तीसुद्धा एफव्हीएम या आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनाने बांधून टाका आणि ‘डॉट एफव्हीएमआरसी’ रेपोत (प्रोजेक्टच्या गिट साठ्यात) ठेवा.

ग्रेडल रॅपरचं (ठरलेल्या आवृत्तीचं ग्रेडल आणून चालवणाऱ्या फायलींचं) एक त्रांगडं आहे. शुद्ध अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये ‘ग्रेडलडब्ल्यू’ स्क्रिप्ट आणि रॅपरची जार फाइल कमिट करायची असते. फ्लटरच्या टेम्पलेटमध्ये मात्र या दोन्ही इग्नोर केलेल्या असतात, कारण फ्लटर त्या स्वतः आणून ठेवतो. रेपोत फक्त ‘ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज’ जाते. त्यामुळे ताज्या क्लोनवर (रेपोच्या नव्या प्रतीवर) कुणी थेट अँड्रॉइड फोल्डरमध्ये जाऊन ग्रेडलडब्ल्यू चालवली, तर ती सापडतच नाही. आधी एकदा फ्लटरची बिल्ड चालवा, मग ग्रेडलला हात लावा.

आधीच घाण कमिट झाली असेल तर

नुसतं गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फायलींची यादी) नाव टाकून भागत नाही. जी फाइल गिट आधीपासून सांभाळतोय तिला इग्नोरचा नियम लागू होत नाही. प्रोजेक्टच्या मुळाशी जाऊन ‘गिट आरएम -आर --कॅश्ड’ आणि पुढे फोल्डरचं नाव द्या. ‘कॅश्ड’ विसरलात तर डिस्कवरची फाइलही जाईल. मग गिटइग्नोर दुरुस्त करून दोन्ही बदल एकाच कमिटमध्ये टाका आणि टीमला आधी कळवा, कारण पुल केल्यावर (नवे बदल उतरवल्यावर) इतरांच्या मशीनवरची ती फोल्डरं पुसली जातात. ती पुन्हा बनतात, पण ऐन डेमोच्या आधी कुणाला हा धक्का नको. एखादी फाइल नेमक्या कोणत्या नियमामुळे इग्नोर होतेय हे कळत नसेल, तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दोन्ही सांगतो.

बिल्ड-रनर या कोड आपोआप लिहिणाऱ्या साधनाने बनवलेल्या ‘डॉट जी डॉट डार्ट’ फायली कमिट करायच्या की नाही, यावर दोन पंथ आहेत. आमचं मत: बाहेर ठेवा आणि बिल्ड सर्व्हरवर आधी जनरेट करा. ठेवायच्याच असतील, तर सर्व्हरवर पुन्हा जनरेट करून ‘गिट डिफ --एक्झिट-कोड’ चालवा. मॉडेल बदललं पण जनरेट करायचं राहिलं, तर तिथे पकडलं जाईल. या फायलींत मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) आला तर ओळी जुळवत बसू नका. कोणतीही एक बाजू घ्या आणि नव्याने जनरेट करा.

बनलेल्या फाइलमध्ये हाताने बदल करू नका. तो बदल पुढच्या जनरेशनला जातो, आणि का गेला ते कुणालाच आठवत नाही. अपवाद कुठे आहे ते टूलवर ठरतं. फ्लटरमध्ये अँड्रॉइड आणि आयओएस ही फोल्डरं एकदा बनल्यावर तुमची होतात. परवानग्या, आयकॉन, साइनिंग सगळं त्यांतच लिहायचं, म्हणून ती कमिट करायची. कपॅसिटर या दुसऱ्या ॲप-साधनाचंही तसंच. एक्स्पो या आणखी एका साधनात प्रीबिल्ड (ही फोल्डरं बनवणारी कमांड) वापरत असाल तर नेमकं उलट: ‘प्रीबिल्ड --क्लीन’ दोन्ही फोल्डरं पुसून नवी बनवतो, त्यामुळे मॅनिफेस्टमधला (अँड्रॉइडच्या परवानग्या वगैरेंची फाइल) बदल कॉन्फिग प्लगइनमधूनच करावा लागतो.

फ्लटरमध्ये अँड्रॉइड फोल्डर फारच बिघडलं म्हणून ते काढून ‘फ्लटर क्रिएट’ने पुन्हा बनवायचं ठरवलंत, तर ‘--ऑर्ग’ आणि ‘--प्लॅटफॉर्म्स’ दोन्ही द्या. नाहीतर ॲप आयडी ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होऊ शकतो, आणि प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप चढवायची जागा) तो घेत नाही. फोल्डर बनल्यावर गिट डिफ उघडून जुन्या परवानग्या एकेक करून परत आणा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली की नोटिफिकेशन बंद पडल्याचं थेट शेतकऱ्याकडून कळतं.

बिल्ड अडली की काय पुसायचं, आणि कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी काहीही पुसू नका. एररचा पहिला भाग वाचा. ग्रेडलच्या लांबलचक मजकुरात खरं कारण ‘व्हॉट वेन्ट राँग’च्या खाली असतं. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ असं दिसलं तर मशीनवर जावा २१ आहे आणि ग्रेडल त्याहून जुनं आहे. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ लागतं. इथे दहा वेळा क्लीन केलंत तरी काही होणार नाही.

कारण सापडत नसेल तर पायरीपायरीने जा. आधी ‘फ्लटर क्लीन’ आणि ‘फ्लटर पब गेट’. नाही जमलं तर अँड्रॉइड फोल्डरमधून ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’; विंडोजवर जिवंत राहिलेला डीमन (ग्रेडलची मागे चालू राहणारी प्रक्रिया) फायली धरून ठेवतो आणि ‘अनेबल टू डिलीट डिरेक्टरी’ येतं. प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तरी हेच होतं, तो तिथून हलवा. त्यानंतर प्रोजेक्टमधलं ‘डॉट ग्रेडल’ पुसा. मॅकवर ‘सँडबॉक्स इज नॉट इन सिंक’ आलं तर ‘पॉड इन्स्टॉल’ करा, ‘पॉड अपडेट’ नको, कारण अपडेट लॉक फाइलच बदलून टाकतो. एक्सकोडचा डिराइव्ह्ड डेटा (बिल्डचा तात्पुरता साठा) त्यानंतर. होम फोल्डरमधली ग्रेडलची कॅश अगदी शेवटी: ती गेली की सगळ्या प्रोजेक्टचं सामान पुन्हा उतरवावं लागतं, आणि बागेत बसून मोबाइल हॉटस्पॉटवर ते करायचं म्हणजे अख्खी दुपार गेली.

ग्रेडल डाउनलोड होत असताना वीज किंवा नेट गेलं तर झिप अर्धवट राहते आणि नंतर दर वेळी ‘झिप एन्ड हेडर नॉट फाउंड’ येतं. त्यासाठी पूर्ण कॅश उडवू नका. होममधल्या ‘डॉट ग्रेडल’च्या आत ‘रॅपर’, त्यात ‘डिस्ट्स’, तिथे त्या आवृत्तीचं फोल्डर असतं, तेवढंच पुसा. प्रॉपर्टीज फाइलच्या पत्त्यात ‘ऑल’ऐवजी ‘बिन’ लिहिलंत तर डाउनलोडही लहान होतं.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप बिल्डच्या वेळी गोठतो किंवा ‘डीमन डिसॲपिअर्ड’ येतं, तेव्हा ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ उघडा. फ्लटरच्या अलीकडच्या टेम्पलेटमध्ये जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनाला) ८ जीबीपर्यंत मोकळीक दिलेली असते, म्हणजे मशीनची सगळी रॅम. तिथला ‘एक्सएमएक्स’चा आकडा ३ जीबीवर आणा.

मराठीत नाव दिलेलं फोल्डर हीसुद्धा एक अडचण आहे. विंडोजवर प्रोजेक्टच्या वाटेत ‘द्राक्षबाग’ असं देवनागरी नाव आलं की अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन नॉन-आस्की (साध्या रोमन अक्षरांबाहेरच्या) अक्षरांची तक्रार करून थांबतं. ‘ओव्हरराइड पाथ चेक’ चालू करून तक्रार बंद होते, मूळ अडचण तशीच राहते. फोल्डरचं नाव रोमन लिपीत, मधे जागा न सोडता आणि ड्राइव्हच्या मुळाजवळ ठेवा. विंडोजचं युजरनेमच मराठीत असेल, तर ‘ग्रेडल यूजर होम’ आणि ‘पब कॅश’ ही एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल दुसऱ्या साध्या फोल्डरकडे वळवा.

सही, आवृत्ती आणि व्हॉट्सॲपवरून फिरणारी एपीके

फ्लटरच्या ताज्या टेम्पलेटमध्ये रिलीज बिल्डलाही डीबग (फक्त चाचणीसाठीच्या) कीचीच सही होते. ती बदलायचं काम तुमचं. ‘कीटूल’ने आरएसए, २०४८ बिट, १०००० दिवसांची की बनवा; पासवर्ड ‘की डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ठेवा. कीस्टोअर आणि ही फाइल दोन्ही गिटच्या बाहेर राहतात. कीस्टोअरची एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि दुसरी ऑफिसबाहेरच्या डिस्कवर ठेवा. चुकून कमिट झाली तर फाइल काढून उपयोग नाही, ती इतिहासात राहतेच. प्ले ॲप साइनिंग (अंतिम सही गूगलने करायची सोय) चालू असेल तर प्ले कन्सोलवरून अपलोड की (प्लेवर चढवताना तुम्ही सही करता ती की) बदलून मागा.

सगळ्यात महागात पडतं ते सह्यांचं मिश्रण. प्लेवरून आलेलं ॲप गूगलकडच्या कीने सही केलेलं असतं आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके (थेट फोनवर बसणारी अँड्रॉइड ॲपची फाइल) तुमच्या अपलोड कीने. एकावर दुसरं बसत नाही, ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ येतं. मग कुणीतरी फोनवर सांगतं, ‘दादा, जुनं काढून टाका आणि नवं घाला.’ जुनं काढलं की सर्व्हरवर न गेलेल्या फवारणीच्या नोंदीही जातात, आणि निर्यातीच्या मालाला रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासताना त्याच नोंदी मागितल्या जातात. ओळखीच्या बागायतदारांना चाचणीला द्यायचं असेल, तर प्लेचा इंटर्नल टेस्टिंग ट्रॅक वापरा, त्यात १०० जण बसतात. गूगल साइन-इन प्लेवरच्या आवृत्तीत ‘१०’ हा कोड देऊन फसलं, तर फायरबेसमध्ये (गूगलची ॲपसाठीची सेवा) प्ले कन्सोलवरच्या ॲप साइनिंग कीचा एसएचए-१ ठसा टाकलेला नसण्याचीच शक्यता जास्त. डीबग, अपलोड आणि प्ले, तिन्हींचे ठसे वेगळे असतात.

आवृत्ती पबस्पेकमध्ये ‘१.४.२+३७’ अशी लिहितात. अधिकच्या पुढचा आकडा म्हणजे व्हर्जन कोड. प्लेवर एकदा चढवलेला कोड पुन्हा चालत नाही, म्हणून प्रत्येक अपलोडला तो वाढवा. ‘--स्प्लिट-पर-एबीआय’ (प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरला वेगळी एपीके) लावलंत तर फ्लटर या कोडमध्ये प्रोसेसरप्रमाणे हजारांची भर घालतो: ३७ चा ६४ बिट एआरएमसाठी २०३७ होतो. त्याच फोनवर नंतर साधी एपीके घालायला गेलात तर तिचा कोड ३७ किंवा ३८, आणि फोन ‘व्हर्जन डाउनग्रेड’ म्हणून नाकारतो. चाचणीचे फोन दोन प्रकारच्या बिल्डमध्ये फिरवू नका.

प्रत्येक रिलीजच्या वेळी एएबी (प्लेवर चढवायची फाइल), ‘आउटपुट्स’च्या आतली ‘मॅपिंग डॉट टीएक्सटी’ (कोडमधली लहान केलेली नावं मूळ नावांशी जोडणारी), आयओएसच्या डीसिम (क्रॅश उलगडायच्या) फायली आणि ‘--स्प्लिट-डीबग-इन्फो’ वापरत असाल तर ते फोल्डर, असं सगळं आवृत्तीच्या नावाने एका जागी ठेवा आणि कमिटला त्याच नावाचा टॅग द्या. ‘फ्लटर क्लीन’ बिल्ड फोल्डर उडवतो, त्याच्यासोबत तिथलं मॅपिंगही जातं. मग क्रॅश रिपोर्टमध्ये एबीसी असली निरर्थक नावं दिसतात आणि ती उलगडायला काहीच हातात नसतं.

फ्लटर, ग्रेडल आणि जावाच्या आवृत्त्या वाढवायला जून-जुलै बरा. प्ले स्टोअरची नव्या टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलं त्या आकड्याची) मुदत गेली काही वर्षं ३१ ऑगस्टला येते, आणि ऑक्टोबरची गोडी (फळासाठीची) छाटणी सुरू झाली की काढणीपर्यंत हे ॲप रोज वापरात असतं. त्या काळात फक्त दोषदुरुस्ती, टूल्सना हात नाही. अपग्रेड झाला की नव्या फोल्डरमध्ये ताजा क्लोन घ्या, कीस्टोअर आणि ‘की डॉट प्रॉपर्टीज’ जागेवर ठेवा, आणि रीडमीत लिहिलेल्या कमांड सोडून दुसरं काहीही न करता रिलीज एएबी निघते का ते पाहा. हे काम शक्यतो टीममधल्या ज्याने अपग्रेड केला नाही त्याला द्या.