जॉन पिल्जर यांची पुस्तके कशी वाचावीत

ऑस्ट्रेलियात जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये कारकीर्द घडवलेले पत्रकार जॉन पिल्जर (१९३९–२०२३) यांची पुस्तके प्रकाशनाच्या क्रमाने वाचू नयेत. १९८६ च्या 'हीरोज'पासून सुरुवात केली, तर ब्रिटिश राजकारणाच्या संदर्भांतच वाचक अडकण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी 'फ्रीडम नेक्स्ट टाइम' (२००६) हातात घ्यावे आणि त्यातले चागोस बेटांवरचे प्रकरण आधी वाचावे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात असलेल्या, ब्रिटनच्या ताब्यातील चागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. त्यासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात चागोसमधली सगळी वस्ती मॉरिशस आणि सेशेल्सला हलवली, आणि लोक जाण्यापूर्वी त्यांचे पाळीव कुत्रेही मारून टाकले.

वाचताना हाताशी पेन्सिल ठेवून समासात तीन प्रकारच्या खुणा कराव्यात: पिल्जर यांनी स्वतः पाहिले-ऐकले त्याची एक, सरकारी कागदपत्रांतून घेतले त्याची दुसरी आणि त्यावरून त्यांनी काढलेल्या निष्कर्षाची तिसरी. चागोसच्या प्रकरणात दुसरी खूण सर्वांत भक्कम ठरते, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसांना नारळाच्या मळ्यांवरचे तात्पुरते कंत्राटी मजूर म्हणून दाखवावे, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याच पत्रव्यवहारात आहे. मात्र पुस्तकाचे साल विसरू नये. बेटवासीयांच्या बाजूने लागलेले ब्रिटिश न्यायालयांचे निकाल २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने) फिरवले, तर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनने बेटांवरचे प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे असे मत दिले.

यानंतर 'द न्यू रूलर्स ऑफ द वर्ल्ड' (२००२) मधील इराकवरचे प्रकरण घ्यावे. ते सावकाश वाचण्याजोगे आहे, कारण इथे लेखकाची ताकद आणि त्याची अडचण एकाच ठिकाणी दिसते. इराकवरील संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक निर्बंधांच्या काळात पाच वर्षांखालील सुमारे पाच लाख मुलांचे जादा मृत्यू झाले, असा अंदाज युनिसेफच्या १९९९ च्या पाहणीवरून मांडला गेला आणि जगभर उद्धृत झाला. पुढच्या पाहण्यांत मात्र अशी वाढ आढळली नाही, आणि मूळ माहितीत इराकी सरकारने फेरफार केल्याचे २०१७ मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने दाखवले. म्हणून सगळे प्रकरणच बाद करणे हा उतावीळपणा होईल. संयुक्त राष्ट्रांचे बगदादमधील मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पोनेक २००० मध्ये निर्बंधांच्या निषेधार्थ पायउतार झाले, आणि त्यांची साक्ष त्या आकड्यावर अवलंबून नाही. आकड्यापुढे प्रश्नचिन्ह करावे, साक्ष तशीच ठेवावी.

पहिल्या खुणेलाही आंधळेपणाने मान देऊ नये. १९८२ मध्ये पिल्जर यांनी 'डेली मिरर' या ब्रिटिश वृत्तपत्रात थायलंडमधील एका मुलीला गुलामगिरीतून विकत घेऊन सोडवल्याची हकीकत लिहिली. मुलीला मध्यस्थाने पैसे देऊन उभे केले होते, हे नंतर इतर पत्रकारांनी उघड केले. आपल्या मताला पुष्टी देणारा प्रसंग समोर आला की अनुभवी बातमीदारही गाफील राहतो, आणि वाचक तर त्याहून सहज.

वृत्तपत्रव्यवसायावर 'हिडन अजेंडाज' (१९९८) वाचावे. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या 'सन' या ब्रिटिश वृत्तपत्रावरील भाग त्यात उत्तम आहे, पण उपहास इतका तिखट की सलग वाचला तर थकवा येतो. तो आठवड्याला एक प्रकरण या बेताने, त्याच दिवसाचे मराठी वृत्तपत्र शेजारी ठेवून वाचावा. पहिल्या पानावरील प्रत्येक बातमीत कोण बोलले आणि ज्याच्यावर परिणाम झाला तो बोलला की नाही, एवढेच टिपावे. पी. साईनाथ यांचे ग्रामीण वृत्तान्त वाचलेल्यांना ही सवय नवी नाही.

पिल्जर यांचा सूर पटत नसेल, तर त्यांनी संपादित केलेला 'टेल मी नो लाइज' (२००४) हा संग्रह घ्यावा. त्यात ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट यांचा १९४५ चा हिरोशिमाचा वृत्तान्त आणि रशियन पत्रकार अॅना पोलित्कोव्हस्काया यांचे चेचेन्यातील युद्धावरील लेखन आहे. पेन्सिल तिथेही खाली ठेवू नये.