टर्बो शेवटी विकत घ्या: घरी टर्बो गाडी बांधताना या चुका टाळा

जुनी मारुती झेन, तिच्यात मारुतीच्याच एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन आणि त्यावर भंगारातून आणलेला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. कमी पैशात घरी वेगवान गाडी बांधायची तर बरीच पोरं इथून सुरुवात करतात, आणि सुरुवात चांगलीच आहे. गाडी हलकी, इंजिन दणकट. घोडं अडतं ते पुढे, कारण टर्बो सगळ्यात आधी घेतला जातो आणि तेल, पेट्रोल, ब्रेक यांच्यासाठी खिशात काही उरत नाही.

निळा धूर दिसला की टर्बो बदलणं

या एका गैरसमजापायी किती चांगले टर्बो भंगारात गेले असतील! इचलकरंजीचा एक मुलगा अशीच झेन घेऊन माझ्या गॅरेजवर आला होता. गाडी नुसती आयडलला उभी, तरी गल्लीभर निळा धूर. "काका, ह्या टर्बोचं पण सील गेलंय बघा," म्हणाला. पहिला टर्बो त्याने याच धुरापायी काढून टाकला होता आणि तिसऱ्यासाठी पैसे उसने घ्यायच्या बेतात होता. मी टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पाती ज्यावर फिरतात तो दांडा, बोटांनी हलवून पाहिला. पुढेमागे खेळ नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. टर्बो ठणठणीत होता. मग गाडीखाली बॅटरी मारली. तेल परत नेणारी नळी म्हणजे ८ मिमीचा पेट्रोलचा पाइप, तोही खाली येऊन क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या दांड्यावरून) पुन्हा वर चढवलेला आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीखाली घुसवलेला.

टर्बोत तेल येतं पंपाच्या दाबाने, पण परत जातं ते निव्वळ उतारावरून. लाख-दीड लाख आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टभोवतून ते फेसाळून बाहेर पडतं, म्हणून त्याला मोठी वाट लागते. टर्बोचं सील रबराचं नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते ती. तुंबून आलेलं तेल अडवणं तिचं कामच नाही. मग तेल टर्बाइनकडून (गरम वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या बाजूने) सायलेन्सरमध्ये उतरतं, आणि नवा टर्बो लावला तरी तोही तसाच धूर काढतो.

चेंबर उतरवला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर १६ मिमी भोकाचा बुश, म्हणजे नळी जोडायचं धातूचं तोंड, करून घेतला आणि तो तेलाच्या पातळीच्या वर वेल्ड केला. नळी सरळ खाली आणली, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत, कुठेही पोट न धरता. सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळून गेल्यावर धूर थांबला, त्याच टर्बोवर. टर्बो कुठे बसवायचा हे मी आधी या नळीच्या उतारावरून ठरवतो, बाकीचे पाइप मग त्याच्याभोवती फिरवतो. नळी बरोबर असूनही धूर येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी झडप, बघा. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, तिथून उलटा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या पोटात) शिरला की आतला दाब तेलाला खाली येऊ देत नाही.

पेट्रोलचा हिशोब न करता बूस्ट देणं

जुन्या गाडीचा मॅप सेन्सर इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो, पण बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच. त्याच्या वर बूस्ट गेला की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, काही कळत नाही, आणि इंजिनला पेट्रोल कमी पडतं ते नेमकं सगळ्यात जास्त लागतं तेव्हा. मूळचा ऑक्सिजन सेन्सरही इथे कामाचा नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा वाइडबँड सेन्सर घ्या, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घ्या आणि स्पीडुइनोसारखा स्वस्त, ओपन सोर्स ईसीयू शिकून घ्या. फ्युएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावून भागवणारे बरेच भेटतात. मला तो मार्ग मान्य नाही. पेट्रोल वाढतं, पण इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तिथेच राहतं, आणि पिस्टन फोडतं ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रणाचा आपोआप उडालेला भडका.

मी नवा ईसीयू आधी टर्बोशिवाय चालवतो. थंड स्टार्ट, आयडल, सगळं नीट जमेपर्यंत टर्बो कपाटात. मग टर्बो फक्त वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, ०.४ बारच्या आसपास. बूस्टमध्ये एअर-फ्युएल रेशो (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवतो आणि टायमिंग मागे घेतो. आपल्याकडचं साधं पेट्रोल परदेशातल्यासारखंच असेल असं धरू नका. परदेशी व्हिडिओतला टायमिंगचा तक्ता जशाच्या तसा त्यावर चालवू नका. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल जितकं जास्त, तितकं इंजेक्शनही जास्त लागतं. ट्रॅकवरच्या प्रत्येक जोरदार फेरीनंतर प्लग काढून त्याची पांढरी चिनीमाती भिंगाखाली बघतो. तिच्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झालं आहे. चंदेरी ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. त्या दिवशी गाडी पुन्हा पळवायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बाकीच्या चुका

भंगारातला टर्बो घेताना शाफ्टला आडवा किंचित खेळ असतोच, पुढेमागे मात्र जाणवता कामा नये. डिझेलचा व्हेरिएबल व्हेनचा टर्बो घेऊ नका, पेट्रोलच्या एक्झॉस्टची उष्णता त्या हलत्या पात्यांना झेपत नाही.

तेलाच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावू नका. सुटलेला तुकडा थेट बेअरिंगची वाट बंद करतो.

पातळ पाइपचा मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम वायू टर्बोपर्यंत नेणारा भाग) तडकतो. जाड पाइप घ्या आणि टर्बोचं वजन इंजिनला ब्रॅकेट टाकून वेगळं पेलून धरा.

नव्या टर्बोवर पहिला स्टार्टर मारताना इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवा, तेलाचा दाब दिसल्यावरच इंजिन चालू करा.

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावा. इथे घाई करणाऱ्याला मी माझ्या गॅरेजमध्ये हत्यार धरू देत नाही.

झेनचे मूळ ब्रेक ५० बीएचपीच्या इंजिनासाठी आहेत. टर्बोच्या आधी त्यांच्यावर खर्च करा, क्लच त्यानंतर.

आणि ही गाडी रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. अपघात झाला तर विम्याचाही भरवसा नाही. ट्रॅकवर न्यायची तर टोचन करूनही नाही, ट्रेलरवरून न्या आणि ट्रेलरचं भाडं बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.