टावीनंतर झडपेच्या कडेने गळती: काय पाहावे, काय करावे

टावीत, म्हणजे छाती न उघडता नळीतून महाधमनीची झडप बदलताना, नवी झडप टाके घालून शिवत नाहीत. चुना (कॅल्शियम) साचलेल्या जुन्या झडपेत ती दाबून बसवतात. चुन्याच्या खड्याशेजारी फट राहिली, झडप लहान पडली, पूर्ण उघडली नाही किंवा फार वर-खाली बसली, की रक्त कडेने हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात परत येते.

म्हणून माप आधी सीटी स्कॅनवर घ्यावे, नुसत्या इकोवर नको. झडपेचे कडे (ती बसते ते वलय) गोल नसते, लंबगोल असते.

झडप बसताच टेबलावरच अँजिओ, इको आणि दाब, तिन्ही पाहावे. महाधमनीच्या डायस्टोलिक (खालच्या) दाबातून डाव्या खालच्या कप्प्याचा एंड-डायस्टोलिक दाब (कप्पा भरून झाल्यावरचा) वजा करा, महाधमनीच्या सिस्टोलिक (वरच्या) दाबाने भागा, 100 ने गुणा. दाब 120/45 आणि कप्प्यात 20 असेल तर उत्तर सुमारे 21. 25 च्या खाली आले, तर गळती किरकोळ समजू नये. मात्र नाडी फार मंद असेल तर हा आकडा फसवतो.

अर्धवट उघडलेली झडप फुग्याने पुन्हा फुगवतात. जोर जास्त झाल्यास कडे फाटू शकते, हा खरा धोका. चुकीच्या उंचीवर बसली असेल तर आत दुसरी झडप. उरलेली फट नंतर प्लगने बुजवता येते.

घरी सोडण्यापूर्वी, महिन्याने, वर्षाने आणि पुढे दरवर्षी इको करा. धाप लागली, पाय सुजले, तर थांबू नका. लघवी गडद आणि चेहरा फिकट दिसला, तर फटीतून जाताना तांबड्या पेशी फुटत असतील: हिमोग्लोबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासा. ताप आला तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी).