मनाची आपबीती ऑनलाइन कशी लिहावी

माझा भाचा इंदूरच्या भंवरकुआंत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा, तेव्हा फार खचला होता. मागच्या दिवाळीत ते सगळं इन्स्टाग्रामवर टाकायचं त्यानं ठरवलं आणि लिहिलेलं मला दाखवायला आणलं.

आधी ती गोष्ट एका माणसाला समोर बसून सांगता येते का, ते पाहा. त्यानं पोहे खाता खाता सांगितली. एकदा गळा दाटला, पण पुढे बोलला. तेवढं जमत नसेल तर अजून वहीतच राहू द्या.

मग एकच प्रसंग धरा. त्याच्या लिखाणात ‘डिप्रेशन’ सात वेळा होतं. म्हटलं, म्हणजे काय व्हायचं रे? "मावशी, मेसचा डबा यायचा. झाकण उघडायचो, बघायचो, परत लावून दाराबाहेर ठेवायचो." हेच पहिलं वाक्य केलं.

जास्त जागा सावरण्याला द्या. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलं की, संकटातून सावरलेल्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसतात. याउलट, आत्महत्या कशी केली याचे तपशील आले की अनुकरणाचा धोका वाढतो. म्हणून ते तपशील आणि गोळ्यांची नावं गाळा. भाच्यानं ‘मग हळूहळू बरं वाटलं’ एवढ्यावर आटोपलं होतं! खरं तर रूममेटनं त्याला ओपीडीत नेलं होतं आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा झोपेबद्दल विचारलं होतं. दारापर्यंत जाऊन परत फिरणाऱ्या पोराला हेच हवं असतं, आत गेल्यावर काय विचारतात ते.

रूममेटला विचारूनच त्याचा उल्लेख करा. कोचिंगचं नाव काढा. आईलाही आधी वाचायला द्या. इंदूरची आपली मराठी घरं एकमेकांना ओळखतात, दुपारपर्यंत बातमी भिशीत पोचते.

खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या: मोफत, चोवीस तास.

पोस्ट सकाळी टाका, रात्री दोनला नाही. कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. जवळ कोण आहे ते विचारून त्याला बोलावायला लावा. जिवावरचं असेल तर 112. तुम्ही समुपदेशक नाही, हेही लिहून टाका.

पुढे पोस्ट नकोशी झाली तर खुशाल काढा. स्क्रीनशॉट मात्र कुणाकडे तरी राहतो, म्हणून आईला दाखवायचं ते आधीच.