चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी क्रियापदं कशी वाचावीत

शेक्सपिअरचं नाटक किंवा १६११ सालचं किंग जेम्स बायबल उघडलं की ‘मेकिथ’, ‘हॅथ’, ‘विल्ट’ अशी क्रियापदं समोर येतात आणि पुष्कळ जण तिथेच पुस्तक मिटतात. फार वाईट वाटतं, कारण शिकायचे प्रत्यय मोजकेच आहेत. शिवाय क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता ओळखायची सवय मराठी माणसाला लहानपणापासून असते.

१. आधी शेवट पाहा. शेवटी ‘ई-टी-एच’ असेल तर कर्ता तो, ती किंवा ते. ‘ई-एस-टी’ किंवा नुसतं ‘एस-टी’ असेल तर कर्ता ‘दाऊ’, म्हणजे तू. हा शेवट काढला की आजचं ओळखीचं क्रियापद उरतं. आपल्या ‘करतोस’, ‘आहेस’मधला ‘स’ हेच काम करतो, आणि हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतात भरति, भरसि. इंग्रजीत बेअरिथ, बेअरिस्ट. धातू एकच, प्रत्ययांचं मूळही एकच. इंग्रजीतला शेवटचा ‘ट’ तेवढा मागाहून चिकटला.

२. एक उतारा घेऊन बसा. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र यासाठी उत्तम. सुरुवातीला कवी देवाविषयी सांगतो: ही मेकिथ, ही लीडिथ, ही रिस्टोरिथ. मग मृत्यूच्या छायेची दरी येते आणि तिथेच शब्द येतात, ‘दाऊ आर्ट विथ मी’. पुढे प्रिपेअरिस्ट, अनॉइंटिस्ट. भीतीच्या जागी पोचताच तो देवाविषयी बोलायचं थांबवून देवाशीच बोलू लागतो! लगेच पुढे ‘माय कप रनिथ ओव्हर’, कारण तिथे कर्ता प्याला आहे. ‘दाऊ’ हे आदरार्थी संबोधन आहे असा समज सर्रास आढळतो, पण ते एकवचनी, जवळिकीचं ‘तू’ आहे. आपण विठोबाला म्हणतो तसंच.

३. आखूड रूपं पाठच करा. आर्ट, हॅस्ट, डस्ट, शाल्ट, विल्ट, कॅन्स्ट ही ‘दाऊ’ची, हॅथ आणि डथ ही तो-ती-तेची, म्हणजे आजची हॅज आणि डज. ‘विल्ट’पाशी जरा थांबा. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात कुष्ठरोगी येशूला म्हणतो, ‘इफ दाऊ विल्ट, दाऊ कॅन्स्ट मेक मी क्लीन’. हा भविष्यकाळ नव्हे. तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस, असं तो म्हणतोय.

४. ‘ई-टी-एच’ आणि आजचा ‘एस’ एकत्र दिसले तर गोंधळू नका. ‘ई-टी-एच’ म्हणजे ‘-एथ’ दक्षिण आणि मध्य इंग्लंडचा, आजचा ‘-एस’ उत्तरेकडचा. उत्तरेचा प्रत्यय हळूहळू लंडनपर्यंत पोचला आणि शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालत होते. त्याच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकात नायिका पोर्शिया दयेविषयी म्हणते, ‘इट ब्लेसिथ हिम दॅट गिव्ह्ज अँड हिम दॅट टेक्स’. एका ओळीत दोन्ही! ‘गिव्हिथ’ आणि ‘टेकिथ’ घातलं असतं तर ओळ दोन अक्षरांनी लांबली असती. त्याच भाषणातल्या ‘ड्रॉपिथ’मध्ये उलट एक अक्षर जास्त हवं होतं. असे उतारे मोठ्याने वाचा, छंद आपोआप कानावर येतो.

५. भूतकाळ आणि ‘मीथिंक्स’. स्पेक म्हणजे स्पोक, ‘बी-आर-ए-के-ई’ असं लिहिलेलं ब्रेक कधीकधी ब्रोक, संदर्भावरून कळतं. ‘मीथिंक्स’मधलं ‘थिंक’ मात्र विचार करण्याचं नाही. ‘भासणे’ या अर्थाचं ते वेगळंच जुनं क्रियापद. त्याची रचना अगदी ‘मला वाटतं’सारखी.

६. स्वतः वापरायचं असेल तर ‘आय गोइथ’ किंवा ‘दे गोइथ’ लिहू नका. आय, वी आणि दे यांच्यासोबत नुसतं ‘गो’ येतं. प्रश्नात कर्ता क्रियापदाच्या मागून येतो, प्रत्यय तोच राहतो: ‘व्हिदर गोइस्ट दाऊ?’, म्हणजे कुठे चाललास?